उपग्रह भूकेंद्रातील सिरियल नियंत्रण-प्रोटोकॉल

उपग्रह भूकेंद्रातील मोडेम, वारंवारिता-परिवर्तक, शक्तिवर्धक, अँटेना-नियंत्रक अशा उपकरणांना दूरच्या संगणकावरून आज्ञा देण्याचे आणि त्यांची स्थिती विचारण्याचे संकेतनियम. संदेशातील बिट एकामागून एक जातात, म्हणून त्यांना ‘सिरियल’ म्हणतात. उपग्रहाकडे जाणारी माहिती या वाटेने जात नाही; उपकरणाच्या दर्शनी बटणांनी जे करता येते, तेच येथे तारेवरून केले जाते. शक्तिवर्धक अँटेनाजवळ उघड्यावर आणि कर्मचारी नियंत्रण कक्षात, अशी मांडणी सर्रास असते. कित्येक केंद्रांवर तर कायम माणूसच नसतो.

जोडणीचे दोन प्रकार रूढ आहेत. १९६० मध्ये आलेल्या आरएस-२३२ मानकात एका तारेवर एकच उपकरण जोडता येते आणि केबल साधारण १५ मीटरपर्यंत ठेवतात. १९८३ च्या आरएस-४८५ मध्ये तारांच्या जोडीतील विद्युतदाबाचा फरक मोजला जातो. दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गोंगाट त्यामुळे वजा होतो, अंतर सुमारे १,२०० मीटरपर्यंत वाढते आणि एका बसवर, म्हणजे सामाईक तारजोडीवर, ३२ प्रमाणभार (साधारण तितकी उपकरणे) बसतात. अनेक उपकरणे एकाच बसवर आली की प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता लागतो. एकच पत्ता चुकून दोघांना दिला गेला, तर दोघे एकदम बोलतात आणि उत्तराचा चुथडा होतो.

वेगवेगळ्या पत्त्यांची उपकरणेही एकदम बोलू नयेत, म्हणून संवादाची सुरुवात नेहमी संगणक करतो. उपकरण विचारल्याशिवाय बोलत नाही. ९६०० बॉड वेगाला, प्रत्येक अक्षरामागे दहा बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरे जातात. प्रश्नोत्तर मिळून ५५ अक्षरे झाली, तर ३२ उपकरणांची एक फेरी निव्वळ वहनातच जवळपास दोन सेकंद घेते. म्हणून बिघाडाची सूचना त्याच क्षणी मिळेल असे गृहीत धरता येत नाही. तातडीच्या इशाऱ्यासाठी उपकरणावर रिलेचे वेगळे संपर्क दिलेले असतात, ते याचसाठी.

संदेशाची रचना उत्पादकागणिक बदलते. कॉमटेक ईएफ डेटाच्या मोडेममध्ये वाचता येणारी अक्षरे वापरतात: आरंभचिन्ह, चार अंकी पत्ता, तिरपी रेघ, तीन अक्षरी संकेत, मग मूल्य ठरवायचे असल्यास बरोबरचे चिन्ह आणि विचारायचे असल्यास प्रश्नचिन्ह. चुकीचे मूल्य, अनोळखी संकेत, उपकरण स्थानिक नियंत्रणात असणे या प्रत्येक कारणासाठी नकाराचे चिन्ह वेगळे असते. साध्या टर्मिनलवरून हाताने आज्ञा टंकता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र संदेशाच्या या चौकटीत चेकसम, म्हणजे संदेश बिघडला का हे दाखवणारा तपासणी-अंक, नाही. रॅडाइन या उत्पादकाच्या आरएलएलपी प्रोटोकॉलमध्ये चौकट द्विमान असते. तिच्यात बाइटसंख्या, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, अनुक्रमांक आणि शेवटी चेकसम असतो. ती डोळ्यांनी वाचणे अवघड, पण बिघडलेला संदेश तेथेच पकडला जातो. जहाजावरील अँटेनाला दिशेची माहिती देणाऱ्या एनएमईए ०१८३ ने दोन्ही गुण एकत्र आणले: वाक्य वाचता येते आणि अखेरीस तपासणी-अंकही असतो.

प्रेषण-वारंवारिता किंवा शक्ती बदलणाऱ्या आज्ञा सर्वांत जोखमीच्या. चुकीच्या वारंवारितेवर गेलेली वाहकलहर त्याच उपग्रहावरील दुसऱ्याचे प्रसारण बिघडवते. म्हणून आधी प्रेषण बंद करावे, मूल्य बदलावे, ते परत वाचून पडताळावे आणि मगच प्रेषण सुरू करावे. आज्ञा स्वीकारल्याचे उत्तर आले एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही.

आता बहुतेक नव्या उपकरणांत इथरनेट व एसएनएमपी हा जाळे-व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल असतो. जुनी उपकरणे सिरियल-आयपी परिवर्तकामार्फत जाळ्यावर आणली जातात. मूळ प्रोटोकॉल बंद खोलीतल्या तारेसाठी घडले असल्याने त्यांत बहुधा ना पासवर्ड, ना कूटलेखन. असा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवला, तर पत्ता आणि संकेत माहीत असलेला कोणीही प्रेषण बंद करू शकतो. तो फायरवॉल व व्हीपीएनच्या आतच ठेवला पाहिजे.