लालबागचीं घरें आणि पाण्याची वाट

लालबाग या नांवांत बाग आहे, ही गोष्ट तेथील उड्डाणपुलावरून जाणाऱ्या उतारूच्या आज सहसा ध्यानांत येत नाहीं. गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागीं चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशीं गणेश गल्ली, चिवडा गल्ली, तेजुकाया मॅन्शन हीं जुनीं नांवें टिकून आहेत. परंतु अठराव्या शतकांत परळ-लालबाग म्हणजे कोटाबाहेरचा, मोकळ्या हवेचा, वाड्या-बागांचा आणि तळ्या-विहिरींचा मुलूख होता. मुंबईचे गव्हर्नर कोटांतील दाटी सोडून परळच्या बंगल्यांत राहावयास आले ते चांगल्या हवेकरितांच. पुढें १८८२ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या, आणि थोड्याच काळांत गव्हर्नरांचा मुक्काम मलबार टेंकडीवर हलला. १८९९ मध्यें परळच्या त्याच वास्तूंत डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा आली. ज्या जागेची हवा एके काळीं औषधासारखी मानीत, तेथेंच रोगाची लस तयार करण्याची वेळ यावी, हें कसें घडलें? त्याचें उत्तर गिरण्यांच्या धुरांत शोधण्याचा प्रघात आहे. तें अर्धेंच खरें. उरलेलें अर्धें उत्तर पाण्यांत सांपडतें: घरांत पाणी कोठून आलें, आणि घरांतून तें कोठें गेलें.

मुंबई शहराच्या बेटावर नदी नाहीं. पावसाळ्यांत जें पडेल तें तळ्यांत आणि विहिरींत सांठवावें व पुढचे आठ महिने पुरवावें, अशीच जुनी रीत होती. वस्ती वाढली तशी ही शिल्लक अपुरी पडूं लागली. १८५० नंतरच्या दशकांतील अवर्षणांत तर शहरांतील गुरें बाहेर हलविण्याची पाळी आली. तेव्हां हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें साष्टींत मिठी नदीचें पाणी अडवून विहार तलाव बांधण्यांत आला, आणि १८६० मध्यें त्याचें पाणी नळानें शहरांत आलें. त्यापाठोपाठ १८७९ मध्यें तुळशी आणि १८९२ मध्यें तानसा. हीं कामें थोर होतीं यांत शंका नाहीं. त्या काळीं त्यांच्या तोडीचीं कामें या देशांत थोडीं झालीं. मात्र योजकांच्या हिशेबांत एक रकाना कोराच राहिला होता. विहारचें पाणी आलें तेव्हां तें वाहून नेणारीं पुरेशीं गटारें शहरांत नव्हतीं. विहिरींतून घागरीनें काढलेलें पाणी घागरीच्याच मापानें सांडत असे. नळानें आलेलें पाणी नळाच्या मापानें सांडूं लागलें. वरळीच्या लव्हग्रोव्ह येथून मैला समुद्रांत लोटण्याची व्यवस्था उभी राहण्यास पुढें वीस वर्षांहून अधिक काळ लागला. मधल्या काळांत सांडपाणी जमिनींत मुरलें, विहिरींत पाझरलें आणि सखल भागांत तुंबून राहिलें.

नेमक्या याच काळांत गिरण्या आल्या. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेव येथें पहिल्या गिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी हा सारा पट्टा गिरणगांव झाला. गिरणीला पाणी केवळ कापडासाठींच लागे असें नव्हे. वाफेच्या इंजिनांतून निघणारी वाफ निववून तिचें पुन्हा पाणी करण्याकरितां थंड पाण्याचा मोठा सांठा हाताशीं असावा लागे. म्हणून गिरणीच्या आवारांत तळें खणीत. ऊन झालेलें पाणी तळ्यांत सोडावें, तें उघड्या हवेंत निवावें, आणि तेंच पुन्हा इंजिनाकडे न्यावें, असा क्रम वर्षानुवर्षें चाले. गिरणीमालकांना निसर्गाचा कळवळा होता म्हणून हें झालें नाहीं. वापरलेलें पाणी फेंकून रोज नवें विकत घेणें परवडण्यासारखें नव्हतें, इतकाच त्याचा अर्थ. १९१५ सालीं टाटांच्या कारखान्यानें लोणावळ्याचें पावसाचें पाणी अडवून खोपोली येथें वीज निर्माण केली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्यास आरंभ केला. विजेच्या मोटारी आल्या, इंजिनें हळूहळू गेलीं, आणि त्यांबरोबर तळ्यांचें कामही सरलें. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी उपयोगीं आलें, आणि दाराशीं असलेलें पाणी निरुपयोगी ठरलें! काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारांतील तळें मात्र गिरणी बंद पडल्यावरही राहिलें. गिरणगांवाचा इतिहास शिकविणाऱ्यानें विद्यार्थ्यांना तें अवश्य दाखवावें.

गिरणींत पाण्याचा असा हिशेब होता. कामगाराच्या घरीं पाण्याचा हिशेब होता, पण तो निराळ्या कारणानें. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला माणूस चाळींतील एका खोलींत राही. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईंतील शेंकडा सत्तरच्या आसपास लोक एकखोली घरांत राहत होते. त्याच सुमारास सरकारनें गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रकृतीची पाहणी करण्यास नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंना १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एकाच खोलींत सहा कुटुंबें, म्हणजे लहानमोठीं ३० माणसें, राहत असलेलीं आढळलीं. चुली अर्थातच सहा. १९२१ सालीं शहरांतील बालमृत्यूचें प्रमाण नोंदींप्रमाणें हजारीं ६०० च्या वर गेलें होतें, आणि एकखोली घरांत तें सर्वांत अधिक होतें. हा आंकडा थोडा जपून वाचावा लागतो. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठीं गांवीं जात. तेथें जन्मलेलें मूल मुंबईंत दगावलें कीं मृत्यूची नोंद येथें होई, जन्माची होत नसे. तरीही या नोंदींतील दोष वजा करून जें उरतें तेंही भयंकरच आहे.

चाळीच्या मजल्यावर नळ सामाईक, शौचकूप सामाईक, आणि खोलीच्या कोपऱ्यांत हात-दीड हाताची मोरी. नळाला पाणी ठराविक वेळीं येई. गिरणीचा पहिला भोंगा होण्यापूर्वीं भाकरी झाली पाहिजे, म्हणून बायकांना पहांटेच्या काळोखांत हंडे-कळश्या घेऊन रांग धरावी लागे. जी बाई खानावळ चालवी आणि दहा-बारा माणसांना दोन वेळां जेवूं घाली, तिला तर घरांतील पिंप भरलें कीं नाहीं यावर दिवसाचा धंदा अवलंबून. तांदूळ धुतलेलें पाणी भांड्यांना, कपडे धुतलेलें पाणी गॅलरीला आणि शेवटीं शौचकूपाला, अशी एका पाण्याचीं तीन-तीन कामें होत. आज या काटकसरीचें कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. तें कौतुक करतांना ती काटकसर निवडलेली नव्हती, लादलेली होती, आणि तिचा भार एकट्या बायकांच्या कंबरेवर होता, एवढें तरी लक्षांत ठेवावयास हवें.

मोरीचें पाणी पन्हळींतून दोन इमारतींमधील घरगल्लींत पडे, आणि खरा अनर्थ तेथें होता. १८९६ मध्यें मांडवींत प्लेग प्रगटला, तेव्हां अधिकाऱ्यांनीं गटारांत समुद्राचें पाणी आणि जंतुनाशकें सोडून तीं धुऊन काढण्याचा सपाटा लावला. रोग दुर्गंधीनें पसरतो ही समजूत अजून गेली नव्हती. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें माणसाला होतो याचा उलगडा करण्याच्या कामीं पुढें परळच्याच प्रयोगशाळेंतील डॉ. लिस्टन यांनीं महत्त्वाचा वांटा उचलला. दरम्यान १८९८ मध्यें शहर सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे चेअरमन जे. पी. ऑर यांनीं १९१२ मध्यें घरांतील उजेड व हवा यांवर व्याख्यान देऊन एक साधा नियम मांडला: खिडकीपुढें जेवढी मोकळी जागा असेल तिच्या दुपटीहून समोरच्या भिंतीची उंची अधिक नसावी. शाळेंतल्या मुलालाही समजेल असा हा भूमितीचा नियम आहे, आणि जागेची किंमत चढली कीं पहिला बळी त्याचाच पडतो.

१९२० मध्यें निघालेल्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी उभ्या केल्या. प्रत्येकींत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. पहिल्या कांहीं वर्षांत यांपैकीं कितीतरी खोल्यांना भाडेकरू मिळाले नाहींत. भाडें जड, कामावर जाण्याचें अंतर लांब, आणि काँक्रीटच्या भिंती कामगाराला परक्या. पुढें त्याच चाळींत चार-चार पिढ्या नांदल्या.

आतां विहिरींविषयीं. बंदरांतील मलेरियाच्या सांथीकडे १९०८ मध्यें डॉ. लिस्टन यांनीं लक्ष वेधलें, आणि १९११ मध्यें डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील मलेरियावर आपला अहवाल दिला. ज्या डांसामुळें येथें हिंवताप पसरतो तो दलदलींत नव्हे, तर मुख्यतः घरोघरच्या विहिरींत आणि टांक्यांत वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. मग विहिरी बुजविण्याचें अगर झांकण्याचें सत्र सुरू झालें. पारशी समाजानें व कांहीं हिंदूंनींही हरकत घेतली; धर्मकृत्याच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडला पाहिजे, हें त्यांचें म्हणणें. त्यावर कांहीं ठिकाणीं बारीक तारेच्या जाळीचा तोडगा निघाला. शहरांतील तळींही एकामागून एक बुजलीं. गोवालिया टँक, धोबी तलाव, दोन टांकी हीं ठिकाणें आज केवळ नांवानें पाण्याचीं आहेत. बेंटली यांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांचें शास्त्र बरोबर होतें आणि माणसें खरोखरच मरत होतीं. परंतु त्याच दशकांत हिंदुस्थानांतील शहरें पाहत फिरणारे पॅट्रिक गेडिस, जे पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक झाले, ते तळीं बुजवूं नका, त्यांत मासे आणि बदकें ठेवा म्हणजे डांसांचा बंदोबस्त होईल, असें आग्रहानें सांगत होते. तळें स्वच्छ ठेवण्यास रोज माणूस लागतो. बुजवून टाकण्यास एकदांच मजुरी लागते. नगरपालिकांनीं कोणता मार्ग धरला असेल हें सांगावयास नकोच.

या निवडीची किंमत लालबागच्या शेजारींच मोजावी लागली. हिंदमाताचा चौक सखल. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळीं आलीं कीं गटारांतील पाण्याला बाहेर जाण्यास वाट उरत नाहीं. वर्षानुवर्षें तेथें गुडघाभर पाणी सांचत आलें. अखेर २०२१ च्या सुमारास महापालिकेनें दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कांत आणि परळच्या सेंट झेवियर मैदानांत जमिनीखालीं मोठमोठ्या टांक्या बांधावयास घेतल्या. भरतीच्या वेळीं पाणी त्यांत सांठवावें आणि ओहोटीला सोडून द्यावें, ही त्यांची योजना. शंभर वर्षांपूर्वीं ज्या शहरानें तळीं बुजविलीं, त्यानेंच हीं नवीं तळीं जमिनीखालीं खणलीं, आणि तींही पाणी वापरण्यासाठीं नव्हे, घालवून देण्यासाठीं!

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, १९९१ नंतर त्यांच्या जमिनी विकण्यास वाट मिळाली, आणि आतां चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांचीं नवीं घरें मिळालीं. १६० फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचें स्नानगृह मिळालें, याचा आनंद कोणीही कमी लेखूं नये. परंतु पाण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. २००२ पासून मुंबईंत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचें पाणी सांठविण्याची सक्ती आहे. मुंबईंत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. चार मजली चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या वांट्याला छपराचे ४० चौरस फूट येतात. त्यांवर पडणारें पाणी सुमारें ७४०० लिटर. चाळीस मजली मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या घराच्या वांट्याला छपराचे साडेबारा फूट, आणि पाणी सुमारें २३०० लिटर. दरडोई दररोज १३५ लिटर हें शहरी वापराचें मान धरलें, तर पांच माणसांच्या कुटुंबाला चाळीचें छप्पर अकरा दिवस पुरतें, मनोऱ्याचें साडेतीन दिवसही पुरत नाहीं. घर जितकें उंच, तितका त्याचा पावसावरील हक्क लहान. छपराच्या पन्हळीवर विसंबून हा प्रश्न सुटणार नाहीं. अंगणांतील जमीन फरसबंदी न करतां मोकळी ठेवून तींत पाणी मुरूं देणें, जुन्या विहिरी उपसून त्यांचें पाणी बागेला व धुण्याला लावणें, आणि स्नानाचें पाणी शुद्ध करून शौचकूपाला वापरणें, यांतच खरी बचत आहे. यांपैकीं शेवटचें काम चाळीची बाई हातानें करी. मनोऱ्यांत त्यासाठीं यंत्र बसवितात, आणि तें चालू ठेवण्याची वीज व देखभाल सोसायटीच्या सभेंत मंजूर व्हावी लागते.

तोंवर मनोऱ्याचें पाणी दुरूनच येणार. तानशानंतर १९५७ मध्यें वैतरणेवर धरण झालें, त्याच्या जलाशयास इंजिनियर मोडक यांचें नांव आहे. मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्यें मध्य वैतरणा. शंभर किलोमीटरांच्या घरांतून हें पाणी जलवाहिन्यांनीं लालबागला पोंचतें आणि तेथून पंपानें चाळिसाव्या मजल्यावर चढतें. तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत आहेत. त्याच तालुक्यांतील कित्येक आदिवासी पाड्यांना उन्हाळा लागला कीं टँकरची वाट पाहावी लागते, आणि टँकर आला नाहीं त्या दिवशीं बायका हंडे घेऊन आटत आलेल्या विहिरीवर जातात.