पडद्यावरच्या खुणा

२००५ साली अमेरिकेत ‘इन्साइड डीप थ्रोट’ हा माहितीपट निघाला. १९७२ सालच्या एका कामोत्तेजक चित्रपटाची ही कुळकथा. खर्च अवघा २५,००० डॉलरांच्या आसपास. गल्ला मात्र अफाट. अश्लीलतेचे खटले झाले, बंदी आली, तशी गर्दी वाढतच गेली.

या गदारोळात नायिकेला कोण विचारतो! लिंडा बोरमनने १९८० साली आत्मचरित्रात लिहिले, की नवऱ्याने मारहाण करून, जिवाची भीती घालून हे काम करवले. १९८६ साली सरकारी आयोगापुढेही तिने हीच साक्ष दिली. माहितीपट निघाला तेव्हा ती हयात नव्हती. २००२ सालीच वारली होती.

आपल्या अंगावरच्या माराच्या खुणा पडद्यावर दिसतात, असे ती सांगे. वाचकहो, एवढ्या लोकांनी चित्रपट पाहिला. त्या खुणा कितीजणांना दिसल्या?