गुत्ता, पेग आणि परमिट रूम

वऱ्हाडात, आणि म्हणून बुलढाणा जिल्ह्यातही, दारूच्या दुकानास जुन्या बोलण्यात ‘गुत्ता’ म्हणत. या शब्दास मद्याचा वास मुळीच नाही. गुत्ता म्हणजे मक्ता. ठरावीक रक्कम सरकारात भरून एखाद्या उत्पन्नाचा हक्क घेणे. कंत्राटदारास शेजारच्या मराठवाड्यात आजही गुत्तेदार म्हणतात. दारूविक्रीचा हक्क मक्त्याने दिला जाई, म्हणून विक्रीच्या जागेसही मक्त्याचेच नाव चिकटले. पिणारा काय प्याला यापेक्षा सरकारने काय घेतले, याचीच नोंद त्या नावात राहिली.

हा मुलूख १८५३ पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होता. दफ्तरातील फारसीने ‘आबकारी’ हा शब्द दिला. त्यातील ‘आब’ म्हणजे पाणी. ‘दारू’ही फारसीच, आणि तिचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अद्याप जिवंत आहे. मादक पेयास पाणी किंवा औषध म्हणावयाची ही रीत एकट्या पूर्वेची नव्हे. इंग्रजीतील ‘व्हिस्की’ ज्या गेलिक शब्दांवरून आली, त्यांचा अर्थही ‘जीवनजल’ असाच आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. परंतु शब्दांची देवघेव त्याच्या दोन शतके आधीपासून चालू होती. आपली ‘ताडी’ इंग्रजीत ‘टॉडी’ झाली, आणि पुढे गरम पाणी, साखर व मद्य यांच्या पेयासही तेच नाव मिळाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत, मुंबई व जुन्नर पाहिलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने ‘पंच’ या पेयाचे नाव त्यातील पाच पदार्थांवरून पडल्याचे लिहिले आहे. ही व्युत्पत्ती सर्वच कोशकार मान्य करीत नाहीत. ‘आबकारी’ तर इंग्रज अधिकाऱ्यांनी जशीच्या तशी उचलली. उलट वाटेने ब्रँडी, रम, ग्लास आणि पेग इकडे आले. ‘छोटा पेग’ हा अर्धा देशी, अर्धा विलायती शब्द साहेबांच्या क्लबांतच रुळला.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूरच्या बाजूस, पेयाचे नाव झाडावरून होते. उन्हाळ्याच्या आरंभी गळणारी मोहाची फुले पहाटे वेचावयाची, वाळवावयाची, पाण्यात आंबवावयाची आणि भट्टीवर चढवून त्यांची वाफ थंड करावयाची. प्रथम उतरते ती ‘पहिल्या धारेची’, सर्वांत जहाल. इंग्रजी अमलात मद्य गाळण्यास परवाना आणि मद्यावर कर आला, तशी विनापरवाना घरची भट्टी गुन्ह्यात जमा झाली. मोह तोच, धार तीच; परंतु ‘हातभट्टी’ म्हटले की पंचनामा आठवावा, असे त्या नावाचे झाले.

पुढे नुसत्या कराऐवजी बंदीचा विचार बळावला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई प्रांताचा कायदा १९४९ चा. १९५६ मध्ये बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि नंतर तोच कायदा इकडेही लागू झाला. त्या कायद्यात प्रकृतीच्या कारणासाठी मद्य घेण्याचा परवाना मिळू शके. म्हणजे दारू पुन्हा एकवार औषधच ठरली! बंदी पुढे सैल झाली, पण ‘परमिट रूम’ ही पाटी राहिली, आणि आज ती तालुक्याच्या गावीही दिसते.

गुत्ता म्हणजे मक्ता, परमिट म्हणजे परवाना. राज्ये बदलली, भाषा बदलल्या. दुकानाचे नाव मात्र दोन्ही वेळा सरकारी कागदावरूनच पडले. आठवड्याची मजुरी त्या दुकानात संपल्यावर ज्या बाईने रिकामी चूल सांभाळली, तिनेही या जागेस नावे ठेवलीच असतील. त्यांतील एकही पाटीवर चढले नाही.