घाट्या, दोर सोडू नको

दोर घट्ट धरा. म्हसवडच्या यात्रेत सिद्धनाथाचा रथ निघालाय. मार्गशीर्षाचं ऊन मानेवर, नाकात गुलाल, पायाखाली खोबऱ्याचे तुकडे, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तुम्ही डोळे मिटून जोर लावता, आणि दोर एकदम ओला लागतो.

ओला, खारट, डांबराच्या वासाचा. डोळे उघडा. १९४६चा उन्हाळा आहे आणि मुंबई बंदराबाहेर एका करड्या लढाऊ बोटीच्या डेकवर तुम्ही उभे आहात. पायाखालचं लोखंड तव्यासारखं तापलंय. कोरड्या माणगंगेच्या वाळूत झरे उकरून पाणी भरणारे तुम्ही. एवढं पाणी एका जागी बघून आधी पोटात गोळा येतो. मग बोट हलते आणि उरलंसुरलं काम ती उरकते.

ही ओल्या गवतावरसुद्धा डुलेल, असं गोरे खलाशी या जातीच्या बोटींना हिणवत. देवमासे मारणाऱ्या बोटीच्या धर्तीवर हिचा आराखडा काढलेला. लांबी दोनशे फुटांहून जराशी जास्त, मागे एकच पंखा, वेग फार तर १६ नॉट. जर्मन पाणबुड्यांच्या मागे लावायला अशा दोनशेच्या वर बोटी घाईघाईने बांधल्या आणि नावं काय दिली, तर ग्लॅडिओलस, जॅस्मिन, लोटस, मॅरिगोल्ड! पाण्याखाली फुटणारे बॉम्बचे पिंप टाकत अटलांटिकवर जाई आणि कमळं हिंडत होती. झेंडूने तर नोव्हेंबर १९४१मध्ये भूमध्य समुद्रात खरंच एक पाणबुडी बुडवली. वाचलेल्या जर्मनांना बुडवणारीचं नाव सांगताना कसं वाटलं असेल?

तुमच्या बोटीचं पाळण्यातलं नाव 'चारलॉक'. रॉयल इंडियन नेव्हीला अशा चार फुलबोटी मिळाल्या आणि त्यांचं बारसं पुन्हा झालं: आसाम, सिंध, गोंडवाना आणि ही 'महरट्टा'. साहेबाच्या तोंडून 'मराठा' हा शब्द असाच सांडतो.

आता डोकं वाकवून खाली उतरा. खाली तेल, घाम, शिजलेली डाळ आणि सकाळी कुणीतरी ओकलेलं, सगळ्यांचा मिळून एक वास. लोखंडी भिंतींना दमट हवेचं पाणी सुटलंय. टांगलेल्या झोळ्या एकमेकींना घासतायत. पलीकडे वाफेचं इंजिन धक् धक् करतंय, ते कानांना नाही, दाढांना ऐकू येतं. थाळी मांडीत दाबून धरा, नाहीतर शेजाऱ्याच्या मांडीत जाईल. कर्र! भातात खडा. फेब्रुवारीत याच बंदरातल्या खलाशांनी संप केला, तेव्हा तक्रारींच्या यादीत जेवणही होतं. खडा मुकाट्याने बाजूला काढा.

नको झालं ना? वर या.

कठड्याशी रत्नागिरीकडचा एक जुना खलाशी उभा आहे. तुमचा हिरवट चेहरा बघून त्याला आनंद झालाय.

"काय घाट्या, ढवळतंय? खाली बघू नको. लांब ती पाण्याची रेघ बघ. आणि दोर सोडू नको."

रेघ बघितल्यावर पोट थोडं जागेवर येतं. तो चहाचा मग पुढे करतो. काळा, गोडमिट्ट, कडेला मिठाची चव.

"तू शेतकरी ना? मग सांग, चारलॉक म्हंजे कसलं फूल?"

सांगा त्याला. विलायतेत धान्याच्या शेतात माजणारी रानमोहरी. फुलं पिवळीधमक, पण आपल्या ज्वारीत कुंदा माजतो ना, तसलंच ते तण.

"तण?" तो कठड्यावर थाप मारून हसतो. "मग ही काय मरत नाय!"

पुढच्याच वर्षी ही भंगारात निघणार आहे. तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. सांगू नका. चहा गरम आहे तोवर प्या. हातातला दोर कोरडा होत चाललाय, त्याला गुलाल लागलाय, आणि मागून कुणीतरी ओरडतंय की ओढा, थांबलात काय.