वाडिया रुग्णालय बचाव आंदोलन

वाडिया रुग्णालय बचाव आंदोलन : परळ (मुंबई) येथील बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन धर्मादाय रुग्णालये अनुदान थकल्यामुळे बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये झालेले आंदोलन. कर्मचारी, रुग्णांचे नातेवाईक, लाल बावट्याची कामगार संघटना, परळ-लालबागचे रहिवासी आणि निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते त्यात उतरले. बाल रुग्णालयात रक्ताचे विकार आणि कर्करोग यांवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. म्हणून कर्करोग झालेल्या मुलांच्या दृष्टीने हे आंदोलन जगण्यामरण्याचे होते. यातली कित्येक मुले परळची नव्हती. नवी मुंबई, पनवेल, ठाणे आणि कोकणातून ती येथे येत.

नवरोसजी वाडिया यांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंगची स्थापना केली. त्यांचे पुत्र कुसरो आणि नेस वाडिया यांनी वडिलांच्या नावाने १९२६ मध्ये प्रसूतिगृह आणि आईच्या नावाने १९२९ मध्ये बाल रुग्णालय उभारले. परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी हा तेव्हा गिरण्यांचा मुलूख, म्हणजे गिरणगाव होता. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे राहत आणि बाळंतपण बहुधा त्याच खोलीत उरकले जाई. तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावत. गिरणी कामगारांच्या बायकामुलांसाठी चालता येईल इतक्या अंतरावर रुग्णालय, असा या दोन्ही वास्तूंमागचा साधा हेतू होता. त्याच सुमारास, १९२६ मध्ये, पलीकडे महापालिकेचे केईएम सुरू झाले. १९४१ मध्ये कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय आले. हाकेच्या अंतरावर इतकी रुग्णालये झाल्याने परळ या नावाला आजारपणाचाच अर्थ चिकटला. ‘वाडियात ठेवलंय’ म्हटले की मूल आजारी आहे, आणि ‘टाटाला न्यायला सांगितलंय’ म्हटले की काय झाले आहे, हे महाराष्ट्रात कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

दोन्ही रुग्णालये केवळ ट्रस्टच्या पैशावर कधीच चालली नाहीत. वाडिया घराण्याचा ट्रस्ट, मुंबई महानगरपालिका आणि राज्य शासन अशा तिघांच्या जुन्या कराराने त्यांचा गाडा चालत आला. पालिका व शासनाने अनुदान द्यायचे आणि व्यवस्थापन मंडळात त्यांचेही प्रतिनिधी बसायचे, अशी ती व्यवस्था. गरिबांना नाममात्र दरात उपचार मिळत राहिले ते यामुळेच. मात्र खर्च वाढत गेला तसा या व्यवस्थेतला कच्चा दुवा उघडा पडला. अनुदान किती, कोणत्या खाटांसाठी आणि कोणत्या पदांसाठी, यावर वाद सुरू झाले. खाटा आणि पदे मंजुरीविना वाढवली, हिशेबाचा खुलासा करा, असे पालिकेचे म्हणणे. शंभर कोटींहून अधिक रक्कम येणे आहे, पगार आणि औषधांनाही पैसे उरलेले नाहीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. हिशेब मागण्याचा पालिकेचा अधिकार कोणी नाकारणार नाही. पण हिशेबाचा वाद मिटेपर्यंत अनुदान रोखले, तर त्याचा भुर्दंड वॉर्डात झोपलेल्या मुलाला पडतो. या प्रकरणात नेमके तेच घडू लागले होते.

रुग्णालय बंद पडते ते टाळे लागण्याच्या बरेच आधी. आधी पुरवठादार उधारी थांबवतो. मग एखादे औषध बाहेरून आणायची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात येते. ठरलेली शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यावर जाते. बरे असलेल्या मुलांना लवकर घरी सोडतात आणि रिकाम्या खाटेवर नवे मूल घेत नाहीत. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात वाडियात नवे रुग्ण दाखल करणे थांबल्याच्या, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याच्या आणि दाखल मुलांना घरी पाठवत असल्याच्या बातम्या आल्या.

कर्करोग झालेल्या मुलासाठी ‘पुढच्या आठवड्यात या’ याचा अर्थ काय होतो, हे नीट पाहिले पाहिजे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लसिकापेशीय रक्तकर्करोग. त्याचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले चार-पाच आठवडे अतिशय कडक औषधे, त्यानंतर टप्प्याटप्प्याने पुढचे कोर्स, मधूनमधून पाठीच्या कण्यातून सुईने दिलेले औषध, आणि शेवटी दीर्घकाळ रोजची गोळी व आठवड्याची एक मात्रा. हे वेळापत्रक डॉक्टरांच्या सोयीचे नसते, पेशींच्या वाढीचे असते. मात्रा चुकली तर राहिलेल्या रोगपेशींना पुन्हा डोके वर काढायला सवड मिळते. औषधांमुळे पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात, की अशा मुलाला साधा ताप आला तरी तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. रात्री दोन वाजता उघडे असलेले, मुलाची फाइल जवळ असलेले रुग्णालय हा त्या उपचाराचा भागच असतो. मुलाची आई ती फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रुमाल गुंडाळून, छातीशी धरून नेते. फाइलमध्ये प्रत्येक रक्ततपासणीचा कागद तारखेनुसार लावलेला असतो. रुग्णालय बदलले की ही फाइल घेऊन रांगेच्या शेवटी पुन्हा नव्याने उभे राहावे लागते.

दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. ही तफावत औषधांच्या शोधामुळे पडलेली नाही, कारण लागणारी बहुतेक औषधे जुनी आणि परवडणारी आहेत. उशिरा निदान आणि उपचार अर्ध्यावर सुटणे ही तिची मोठी कारणे आहेत. म्हणूनच अशा विभागाला पैशाअभावी धक्का लागणे अक्षम्य आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सोमवारी, १३ जानेवारीला, रुग्णालयाच्या दाराशी आंदोलनाने जोर धरला. गणवेशातल्या परिचारिका, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार बाहेर आले. त्यांच्या शेजारी परळच्या चाळींतल्या बायका उभ्या राहिल्या. यांतल्या अनेकींचा जन्म याच प्रसूतिगृहात झालेला, आणि त्यांच्या मुलांचाही. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, पण ‘आपलं’ म्हणावे असे वाडिया रुग्णालय गिरणगावात उरले होते. या आंदोलनाला एवढी धार कशी आली, याचे उत्तर या मालकीच्या भावनेत आहे. विरोधी आणि सत्ताधारी अशा दोन्ही बाजूंच्या पक्षांचे लोक तेथे येऊन गेले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या शर्मिला ठाकरे रुग्णालयात आल्या आणि नंतर शिष्टमंडळासह उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांना भेटल्या. पवारांनी ४६ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले : राज्याकडून २४ कोटी, पालिकेकडून २२ कोटी. पालिकेचा त्या वर्षाचा अर्थसंकल्प ३०,६९२ कोटींचा होता. त्या आकड्यापुढे ही २२ कोटींची रक्कम ठेवून पाहावी.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही जनहित याचिकेच्या रूपाने गेले होते. इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नियोजित पुतळ्याची उंची २५० वरून ३५० फूट करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्याच सुमारास घेतला होता. त्याचा उल्लेख करून, पुतळ्यासाठी पैसा आहे आणि ज्या माणसांसाठी बाबासाहेब आयुष्यभर लढले त्यांच्या उपचारांसाठी नाही, अशा आशयाच्या शब्दांत न्या. सत्यरंजन धर्माधिकारी यांच्या खंडपीठाने शासनाला सुनावले. सार्वजनिक आरोग्याला सरकारांच्या लेखी प्राधान्य नसते, ही न्यायालयाची खंत वृत्तपत्रांनी छापली. इंदू मिल हीही एके काळची कापडगिरणीच होय.

टाटा स्मारक रुग्णालयाचा इतिहास येथे शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्तकर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ८० खाटांचे रुग्णालय सुरू केले. म्हणजे तेही वाडियाप्रमाणेच एका पारशी घराण्याच्या दानातून उभे राहिले. पण १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. या निर्णयामागे होमी भाभा यांची दृष्टी होती. तेव्हापासून टाटाच्या खर्चाची जबाबदारी एकाच खात्यावर आहे. वाडियाची जबाबदारी तिघांत वाटलेली राहिली, आणि तिघांचे काम असले की अडचणीच्या वेळी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. दोन्ही रुग्णालयांच्या डॉक्टरांत आणि कर्मचाऱ्यांत निष्ठेचा फरक नव्हता, फरक होता तो या मांडणीत.

टाटाचाच विस्तार पुढे नवी मुंबईत झाला. खारघरच्या डोंगराखाली सुमारे ६० एकरांवर कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षणाचे प्रगत केंद्र उभे राहिले. ‘ॲक्ट्रेक’ या नावाने लोक ते ओळखतात. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये येथे हलली, पुढे अस्थिमज्जा रोपणाचा विभाग आला आणि २०२३ मध्ये प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले. त्यामुळे नवी मुंबईतल्या कर्करुग्णाच्या कुटुंबाला आता परळ गाठणे दरवेळी भाग पडत नाही. पण गिरणगावच पांगले आहे. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने २०१६ मध्ये सोडत काढली ती पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची. अशा कुटुंबातले मूल आजारी पडले तर आजीची पहिली सूचना आजही ‘वाडियात दाखवा’ अशीच असते. मग पनवेलहून हार्बरची गाडी, कुर्ल्याला उतरून पूल चढणे, मध्य रेल्वेची धीमी गाडी आणि परळ. मुलाच्या तोंडाला मास्क बांधलेला आणि गर्दीचा धक्का लागू नये म्हणून बाप दोन्ही हातांनी कोपरा अडवून उभा.

अशी आंदोलने इतरत्रही झाली आहेत आणि सगळी यशस्वी झाली नाहीत. लंडनमधील एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हे स्त्रियांचे रुग्णालय बंद होऊ नये म्हणून १९७६ मध्ये कर्मचाऱ्यांनी ते ताब्यात ठेवून काम चालूच ठेवले आणि ते वाचवले. त्याच शहरातील लुइशम रुग्णालयातील सेवा तोडण्याविरुद्ध जानेवारी २०१३ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. आरोग्यमंत्र्यांनी अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतल्याचा निवाडा न्यायालयाने त्याच वर्षी दिला. फिलाडेल्फियातील हानेमान रुग्णालय मात्र मोर्चे, सभा होऊनही २०१९ मध्ये बंद झाले. ते खासगी मालकीचे होते, आणि ‘अनुदान द्या’ असे ज्याला हक्काने सांगता येईल असा लोकांना उत्तर देणारा भागीदारच तेथे नव्हता. वाडियाच्या बाबतीत पालिका आणि शासन यांची नावे करारात होती. जबाबदारी टाळायला सोपी गेलेली हीच तिहेरी रचना आंदोलकांच्या हातचे साधनही ठरली.

निधी जाहीर झाल्यानंतर रुग्णालय पुन्हा पूर्ववत चालू लागले. दोन महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, मुंबईत करोनाची साथ आली. त्या वर्षी काही मुलांना संसर्ग होऊन गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी सतत ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि हृदयावर सूज अशी लक्षणे दिसू लागली. शहरात अशा मुलांची पहिल्यांदा नोंद करणाऱ्या रुग्णालयांत वाडिया होते. जानेवारीत जे रिकामे करायला निघाले होते, त्याच वॉर्डांत ती मुले दाखल झाली.