अंगठा, दाताळं आणि धाक

अंगठा चोखणाऱ्या मुलाला सुधारायला घरात सगळेच पुढे असतात. आजी अंगठ्याला कडुनिंबाचा रस लावते, काकू मिरची दाखवते, कुणी ‘दात पुढे येतील हं’ म्हणून घाबरवतं. मूल तेवढ्यापुरता हात पाठीमागे लपवतं. रात्री झोप आली की अंगठा पुन्हा तोंडात.

आपल्या जुन्या कथांना मात्र यात काही वावगं वाटलेलं नाही. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाच्या कुशीतून मूल जन्मतं. आईच नाही, तर ते पिणार काय? इंद्र आपलं बोट त्याच्या तोंडात देतो आणि म्हणतो, हा मला पिईल. त्यावरून मुलाचं नाव पडलं मांधाता. इथे बोट चोखणं म्हणजे जगणं.

मग ही ‘वाईट सवय’ कधी झाली? १८४५ साली फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइन्रिश होफमान यांचं मुलांसाठीचं एक चित्रपुस्तक निघालं. त्यातल्या कोनराडची आई बाहेर जाते, तो अंगठा तोंडात घालतो आणि एक शिंपी धावत येऊन मोठ्या कात्रीने त्याचे दोन्ही अंगठे कापून टाकतो. ही बालकथा होती! १८७९ मध्ये बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी या सवयीवर शास्त्रीय लेख लिहिला. १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी त्याचाच आधार घेऊन हे बालपणातल्या लैंगिक सुखाचं उदाहरण ठरवलं. पालक आणखीच धास्तावले. १९१४ च्या अमेरिकी सरकारी पुस्तिकेत बाळाच्या बाह्या बोटांवरून ओढून शिवून टाकायचा सल्ला होता. १९४० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये तेच सरकार म्हणू लागलं, एवढं मनावर घेऊ नका.

खरं तर ही सवय जन्माआधीचीच. बेलफास्टचे मानसशास्त्रज्ञ पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत गर्भातली बाळं अंगठा चोखताना पाहिली. पुढे त्यांच्यातल्या ७५ मुलांना ते पुन्हा भेटले. गर्भात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं उजखोरी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखोरी.

म्हणजे दातांची काळजी खोटी का? नाही. दात हलतो तो जोरापेक्षा वेळेमुळे. दिवसाकाठी सुमारे सहा तास हलका दाब पडत राहिला, तरी तो सरकू लागतो. म्हणून अधूनमधून जोरात चोखणाऱ्यापेक्षा रात्रभर तोंडात अंगठा ठेवून झोपणाऱ्याचे दात जास्त बिघडतात. वरचे दात पुढे येतात, टाळू अरुंद होतो, समोरच्या दातांत फट राहते. पण पक्के दात येण्याआधी, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास सवय सुटली, तर बरंचसं आपोआप सुधारतं.

नाही सुटली, तर दंतवैद्य वरच्या दाढांना कड्या बसवून टाळूजवळ तारेचं कुंपण घालतात. अंगठा टाळूला टेकत नाही आणि चोखण्यातली मजाच जाते. याच्या एका जुन्या प्रकाराला टोकदार तारा होत्या. त्याचं इंग्रजी नाव गवत ओढायच्या अवजारावरून पडलं, आपलं दाताळंच ते! १९९१ मध्ये हॅस्केल आणि मिंक या अमेरिकी दंतवैद्यांनी टोकांच्या जागी जिभेने फिरवता येईल असा छोटा षटकोनी रोलर बसवला. बोचण्याऐवजी खेळणं.

नाशिकच्या पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. राज्यातल्या बहुतेक दंत महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं, १९९८ साली सुरू झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकचंच. बालदंतशास्त्राच्या अभ्यासक्रमात तोंडाच्या सवयी हा विषय असतो. त्यात शिकवलं जातं, की ही तार म्हणजे शिक्षा नव्हे, आठवण आहे. सवय सोडायची मुलाची स्वतःची तयारी हवी. नाहीतर मूल ती तारच वाकवून टाकतं.

कात्रीपासून रोलरपर्यंत यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. मधल्या काळात अंगठा तोच राहिला, मोठ्यांनी मुलाला विचारायला शिकायचं होतं. ते शिक्षण घरोघरी अजून चालूच आहे.