किडनीतली गाठ आणि रोबोटचे हात

आजचा एपिसोड थेट जर्मनीतून सुरू करूया. साल १८६९, गाव हायडेलबर्ग. गुस्ताव सिमोन नावाच्या सर्जनकडे एक बाई आली. आधीच्या एका ऑपरेशनमध्ये तिच्या मूत्रनलिकेला इजा झाली होती आणि लघवी सतत गळायची. सिमोननं ठरवलं, त्या बाजूची किडनीच काढून टाकायची. पण माणूस एका किडनीवर जगतो का? त्यानं आधी कुत्र्यांवर करून पाहिलं, मग २ ऑगस्टला बाईचं ऑपरेशन केलं. बाई जगली.

त्याच गावात १८८७ साली विन्सेन्झ चेर्नीनं याहून अवघड काम केलं. गाठ तेवढी काढली, किडनी ठेवली.

मी खुलताबादचा, त्यामुळे मला इथे वेरूळच आठवणार. कैलास लेणं वरून खाली कोरलंय. एकदा काढलेला दगड परत चिकटवता येत नाही. किडनीचंही तसंच, फक्त हा दगड रक्तानं भरलेला. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. म्हणून गाठ कापताना रक्तवाहिनीला चिमटा लावतात. चिमटा लागला की घड्याळ सुरू. साधारण अर्ध्या तासाच्या आत गाठ कापून, टाके घालून चिमटा काढायचा, नाहीतर उरलेली किडनीही खराब होऊ शकते.

ही धावपळ परवडत नव्हती, म्हणून पुढची कित्येक वर्षं अख्खी किडनी काढणं हाच शिरस्ता राहिला. १९६९ मध्ये टोरंटोच्या रॉबसननं तर आजूबाजूच्या चरबीसकट सगळं काढायची पद्धत पक्की केली. मग सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले. पोटदुखीसाठी तपासायला गेलेल्या माणसाच्या किडनीत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ दिसू लागली. एवढ्याशा गाठीसाठी अख्खी किडनी का घालवायची? चेर्नीची आठवण परत झाली.

दुसरीकडे पोट उघडण्याची पद्धतही बदलत होती. १९९० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला राल्फ क्लेमननं ८५ वर्षांच्या आजींची गाठ असलेली किडनी दुर्बिणीतून काढली. जवळपास सात तास लागले. किडनी पोटातच पिशवीत भरून, बारीक करून छोट्या छिद्रातून बाहेर ओढली. जुगाडच म्हणा ना! पण दुर्बिणीची अवजारं लांब आणि ताठ, त्यांना मनगट नाही. घड्याळ चालू असताना त्यांनी टाके घालायचे म्हणजे चॉपस्टिकनं सुईत दोरा ओवण्यासारखं.

रोबोटनं हे मनगट दिलं. मूळ कल्पना युद्धातली, जखमी सैनिक पुढे आणि सर्जन सुरक्षित जागी मागे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं त्या संशोधनाला पैसा दिला, १९९५ मध्ये इंट्यूटिव्ह सर्जिकल ही कंपनी निघाली आणि २००० साली तिच्या दा विंचीला तिकडे मान्यता मिळाली. २००१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सर्जननं झिऊस नावाच्या दुसऱ्या रोबोटनं फ्रान्समधल्या पेशंटचं पित्ताशय काढलं. लॅग किती? सुमारे १५५ मिलिसेकंद! (ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांनो, जरा विचार करा.)

गेल्या वर्षी माझ्या काकांच्या किडनीत गाठ निघाली. रोबोटचं नाव ऐकून काकू म्हणाल्या, "अरे, मशीन चुकलं तर विचारायचं कुणाला?" मी म्हटलं, काकू, डॉक्टरांनाच. यातला 'रोबोट' स्वतःच्या डोक्यानं काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसतो, त्याची बोटं हलली तशी आत अवजारं हलतात. सॉफ्टवेअर हाताची थरथर गाळतं आणि मोठी हालचाल लहान करतं. निर्णय एकही घेत नाही. माझ्या मते याला रोबोट म्हणणं हीच मार्केटिंगची कमाल आहे.

आणि पैसा? दा विंचीच्या बऱ्याच अवजारांत चिप होती. दहा वापर झाले की अवजार चांगलं असलं तरी मशीन ते घेत नसे. हा खर्च शेवटी बिलातच येतो. २०१७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे २४ हजार पेशंट्सचा अभ्यास आला. अख्खी किडनी काढायची असेल तर रोबोटमुळे गुंतागुंती कमी झाल्या नव्हत्या. वेळ आणि खर्च मात्र साध्या दुर्बिणीपेक्षा जास्त. रोबोटचा खरा उपयोग किडनी वाचवताना, त्या अर्ध्या तासात.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१४ पासून रोबोट आहे, मुंबई-पुण्याच्या खासगी हॉस्पिटलांतही आहेत. आमच्या तालुक्यातला माणूस आधी घाटीत जातो, नाहीतर शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. मुंबईला जायचं ठरलं तर शेत विकायचं का, ही चर्चा त्याच रात्री सुरू होते. आमच्याकडेही झाली. मग आम्ही सर्जनना एकच विचारलं, "किडनी वाचणार आहे का?" गाठ मोठी होती, अगदी मधोमध. ते म्हणाले, नाही, पूर्ण काढावी लागेल. मग साध्या दुर्बिणीनंच झालं. शेत आहे तिथेच आहे, काका यंदा त्यात मका लावणार म्हणतात.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.